आठ नंबरचं घर

तळ्याकाठी भाड्याने द्यायच्या खोल्या सात आणि बोर्डावर आकडा आठ, याला कारण एका सुताराची मोजणी. हा सुतार म्हणजे चालेलकाकूंचे सासरे. त्यांना सगळे अप्पा म्हणत. माणूस हिकमती, हाताला कसब, पण स्वतःच्या कामाचं कौतुक इतकं की त्या भरात काय बोलून बसेल याचा नेम नसे. लाकडाच्या वखारीत वीस वर्षं राबताना त्यांनी वाकड्या, गाठाळ, कुणी न उचललेल्या फळ्या बाजूला काढून ठेवल्या आणि त्यांतून काठावर एकेक लाकडी खोली उभी केली. पाहुणे त्यांना ऐटीत कॉटेज म्हणत, अप्पा खोपटं म्हणत.

अप्पा स्वतः बुटके, त्यामुळे दारं बुटकी. पाहुण्यांची कपाळं चौकटीवर आपटायला लागली तेव्हा अप्पांनी दारं काही वाढवली नाहीत, चौकटीला जुन्या गादीची पट्टी ठोकली आणि म्हणाले, "आता आपटा खुशाल." सहा नंबरची खिडकी उलटी बसली होती, कडी थेट वर, स्टुलावर चढल्याशिवाय उघडत नसे. पाच नंबरचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नसे. तीन नंबर सगळ्यात लहान, दोन माणसं आणि एक बॅग आत गेली की चौथ्या वस्तूला जागा नाही. पण पाण्याला इतकं लागून की पलंगावर पडल्या पडल्या तळं दिसे.

तर शेवटच्या खोपटाचं छप्पर चढलं त्या दिवशी अप्पा होडी घेऊन तळ्याच्या मध्यावर गेले, वल्ही आत ओढली आणि आपली छपरं मोजली. होड्यांची शेड आणि स्वयंपाकाचं खोपट पत्र्याचं, ती दोन्ही त्यांनी सोडून दिली. लाकडी छपरं भरली आठ. छाती फुगवून परत आले आणि ज्या आठ कुटुंबांनी पत्र पाठवून जागा विचारली होती त्या सगळ्यांना "जरूर या" म्हणून कळवलं. त्या आठांतलं एक छप्पर आपल्याच डोक्यावरचं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. बोर्ड तर त्यांनी त्याच दिवशी रंगवून टाकला होता.

आठवं कुटुंब दुपारी येऊन थडकलं. एक तरुण शाळामास्तर, त्यांची बायको, तिच्या कडेवर मूल आणि दोघांच्या मध्ये एक भलीमोठी ट्रंक. सातही खोल्या भरलेल्या. अप्पा आपल्याच घराच्या पायरीवर उभे, हातात मोजपट्टी, कानाच्या पाळ्या लाल. आयुष्यभर दुसऱ्याच्या वखारीत काम केलेल्या माणसाचा मालक म्हणून तो पहिलाच दिवस, आणि पहिल्याच दिवशी "माझं चुकलं, तुम्ही परत जा" म्हणायची पाळी. त्यांचा मुलगा, म्हणजे चालेलकाकूंचा नवरा, शेजारी उभा होता, तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. तो तसाच होता, होडी फुटली तर तासाभरात सांधून देईल, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे दिवस जायचा.

तेव्हा चालेलकाकू कुणाच्या काकू नव्हत्या. बावीस वर्षांच्या होत्या आणि लग्नाला चार महिने झाले होते. सासऱ्यांचे लाल कान त्यांना बघवेनात. त्या पुढे झाल्या.

"आमचं घर आहे की," त्या म्हणाल्या. "ते तासाभरात रिकामं करून देते. आम्ही शेडच्या माळ्यावर राहू. मला चालेल. खरं म्हणजे मला आवडेलच, वर वारा किती छान येतो."

माळ्यावर त्या तोवर एकदाही चढल्या नव्हत्या. पण अप्पांचा जीव भांड्यात पडला, मास्तरांनी ट्रंक उचलली, आणि चार महिन्यांचा कोवळा संसार चादरींत बांधून चौदा पायऱ्या वर गेला. वर वारा नव्हताच. पत्रा तापलेला, वार्निशचा आणि ओल्या दोरांचा वास, आणि खाली बांधलेल्या होड्या एकमेकींना टकटक धडकतायत. काकूंनी खाली येऊन सांगितलं, "मस्त आहे!"

झालं, तिथून ते वळण लागलं ते लागलंच. पुढच्या वर्षी मास्तरांचं पत्र आलं, "मागच्या खेपेचंच घर मिळावं ही विनंती." अप्पांनी ते पत्र खिळ्याला लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली, की मास्तरांना दुसरं काही रुचतच नाही, त्यांना मी माझं राहतं घर देतो. उन्हाळ्याचे पहिले सहा आठवडे मास्तर. मग घर रिकामं आहेच तर कशाला ठेवायचं, म्हणून पुढचे दहा आठवडे आणखी कुणी ना कुणी. घराला नंबर पडला आठ. दर वर्षी सीझनचे चार महिने घरची माणसं शेडच्या माळ्यावर आणि पाहुणे घरात. असे चाळीस उन्हाळे.

काकूंना चालेलकाकू हे नाव पाहुण्यांच्या पोरांनी ठेवलं. काकू, होडीत कुत्र्याला नेऊ? चालेल. काकू, ओल्या पायांनी आत येऊ? चालेल. काकू, अंडं अर्धंच उकडाल, पण पाव दुप्पट भाजाल? चालेल. पोरं मोठी झाली, त्यांची पोरं आली, नाव तेच राहिलं. काकूंना त्याचा रागही नव्हता. पाहुण्यांवर पोट असलेल्या घरात तोंडाला दुसरा शब्द बसणार तरी कसा? फक्त एक झालं, की पाहुण्यांशी बोलायचं वळण घरातही आलं. या घरात कुणी "मला हवंय" म्हणालं की बाकीच्यांनी ते द्यायचंच, मग स्वतःचं काय व्हायचं ते होवो. म्हणून एकमेकांवर ती वेळ येऊ नये यासाठी कुणी "हवंय" म्हणतच नसे. सगळे समजूतदार. इतके समजूतदार की एखाद्याने डोकं आपटून घ्यावं, आणि तेही गादीची पट्टी काढून.

हलायचा दिवस काकूंचा. अकरा खोकी. कुठल्या खोक्यात काय, हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. पितळी घड्याळ आणि चष्म्याची घरं एकात, आरसा उशांच्या मध्ये, शिवणाचं मशीन जड म्हणून जागेवर, त्यावर चादर. भांडी अर्धी न्यायची, अर्धी पाहुण्यांसाठी ठेवायची. चार महिन्यांनी परत यावं तर घर जसंच्या तसं. फुलदाणी त्याच कोपऱ्यात, पायपुसणं त्याच कोनात, कपाटावरची बरणीसुद्धा कान भिंतीकडे करून उभी. काकूंना याचा उगाच राग यायचा. "ही मास्तरीणबाई राहते तरी कशी?" त्या नवऱ्याला म्हणायच्या. "माझ्या घरात सहा आठवडे राहून एक चमचा इकडचा तिकडे होत नाही. घर आहे की संग्रहालय?" मास्तरांच्या मागून दुसरे पाहुणे यायचे, त्यांना हे वळण मास्तरीणबाईच लावून जायच्या, चिठ्ठी लिहून. नवरा नुसता हसायचा.

एकच गोष्ट दर वर्षी बदललेली दिसे. मागच्या खोलीत, जिथे काकू शिवायला बसत, आतल्या भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. साधारण छातीच्या उंचीवर, चार-चार बोटांच्या अंतराने, एका ओळीत. काही पुसट झालेल्या, काही त्यांच्यावरच पुन्हा गिरवलेल्या. काकूंना त्या भिंतीवर शेल्फ हवं होतं, दोरे-बटणं ठेवायला. तसं त्या एकदा बोलल्याही होत्या. नवऱ्याने खुणा तर केल्या, शेल्फ काही लावलं नाही.

"परत एक खूण केलीत! शेल्फ लावताय की भिंतीला टाके घालताय?"

"लावू," तो म्हणे. "लावू की."

असं वर्षानुवर्षं. दुसऱ्याच्या होड्या वेळेवर आणि बायकोचं शेल्फ उद्यावर, हे काकूंचं ठरलेलं वाक्य होतं, आणि जेवायला चार माणसं असली की त्या ते हमखास ऐकवत.

आता अकराव्या वर्षाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या वर्षी हलायच्या आदल्या दिवशी काकू खोकी उतरवत होत्या. नवरा दारात येऊन उभा राहिला. बराच वेळ कडी वाजवत राहिला आणि मग म्हणाला, "यंदा नाही हललो तर?"

काकूंना वाटलं, हे माझ्यासाठी म्हणतायत. मुलगा तेव्हा लहान होता, त्याला घेऊन चौदा पायऱ्या चढण्या-उतरण्यात त्यांचे पाय दुखायचे, ते यांनी पाहिलं असणार. यांना स्वतःला तर होड्यांच्या डोक्यावर राहायला मिळतं म्हणून माळाच आवडतो. आणि अप्पा? अप्पांना मास्तरांना नाही म्हणायला लावायचं? काकू फटकन म्हणाल्या, "छे! मला वरच बरं वाटतं."

"बरं," तो म्हणाला, आणि गेला.

त्या वर्षी त्याने माळ्याला आतून निळा रंग दिला. पत्र्याखाली फळ्या ठोकल्या, म्हणजे तापणार नाही. तळ्याच्या बाजूला एक खिडकी पाडली, सुलटी. काकूंनी ते बघितलं आणि त्यांची खात्रीच पटली, की यांचा माळ्यावर फार जीव आहे. मग तर त्यांनी घरी राहायचा विषय मनातूनही काढून टाकला.

अप्पा गेले त्याला खूप वर्षं झाली. नवरा गेला त्याला दीड. गेल्या उन्हाळ्यात काकू गुडघा धरून चौदा पायऱ्या एकट्या चढल्या आणि निळ्या भिंतींमध्ये मुला-सुनेबरोबर चार महिने राहिल्या. यंदा गुडघ्याने ऐकायचंच नाकारलं. मुलगा आणि सून काळजीत पडले. कामाची विभागणी अशी, की मुलगा वीज-पाणी-होड्या बघे आणि सून फोनवरची बुकिंगं. सून हुशार, चटपटीत, पण तीही याच घरात सहा वर्षं मुरलेली.

"आई, तुमच्यासाठी ऑफिसमागची खोली रिकामी करते," सून म्हणाली. "पायऱ्या नाहीत. आइस्क्रीमचा फ्रीझर आहे तिथे, थोडा आवाज करतो. चालेल ना?"

"चालेल," काकू म्हणाल्या.

आणि ते म्हणताना त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ कळलं, की चालणार नाही. फ्रीझरमुळे नाही, खोलीमुळेही नाही. त्यांना एक उन्हाळा आपल्या घरात काढायचा होता. बासष्ट वर्षांच्या झाल्या होत्या, चाळीस वर्षं या घराच्या मालकीण होत्या, आणि उन्हाळ्यात आपलं घर कसं दिसतं हे त्यांना माहीत नव्हतं. पाहुणा आत असताना त्याच्या उंबऱ्याशी जायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतलेला आणि स्वतःच काटेकोर पाळलेला. संध्याकाळी त्या स्वयंपाकाच्या खोपटात नाहीतर इस्त्रीला. आता गुडघा असा, वय असं; यंदा नाही तर पुढच्या वर्षी बाई, तू असशील की नसशील? पण सांगायचं कुणाला आणि कसं? मास्तर-मास्तरीणबाई सत्तरीला आलेले. चाळीस वर्षं ज्या घरात आले तिथून त्यांना या वयात उठवायचं? नुसत्या विचाराने काकूंच्याच कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

म्हणून त्यांनी खोकी काढली. पण गुडघा. एक खोकं भरलं की दहा मिनिटं बसायचं. जे काम एका दिवसाचं ते तीन दिवस पुरलं, आणि तरी घर अर्धं भिंतीवर, अर्धं जमिनीवर.

अशात मास्तर मंडळी एक दिवस आधीच आली. मास्तरांनी तारीख बरोबर वाचली आणि वार चुकीचा, असं काहीतरी झालं होतं. ते ऑफिसात सूनबाईंना प्रवासाची सविस्तर कथा सांगत बसले, आणि मास्तरीणबाई सवयीने थेट आठ नंबरला आल्या. दार उघडंच होतं. आत काकू खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर पितळी घड्याळ.

चाळीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. काकू उठायला गेल्या, गुडघ्याने दगा दिला, परत खाली बसल्या.

"अगं बाई, तुम्ही उठू नका!" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"माफ करा हं, अजून आवरलं नाही. तासाभरात करून देते."

"करू या की दोघी मिळून. ते घड्याळ द्या इकडे." आणि मास्तरीणबाईंनी पिशवीतून एक जुनी, कडा झिजलेली वही काढली. पहिल्या वर्षाचं पान उघडलं, ज्या वर्षी घाईत घड्याळ भिंतीवरच राहिलं होतं, चष्मा सारखा केला, आणि घड्याळ उचलून खोक्यात ठेवायच्या ऐवजी खिडकीशेजारच्या खिळ्याला लावलं. बरोबर जागेवर.

"हे काय आहे?" काकूंनी विचारलं.

मास्तरीणबाई ओशाळल्या. मग वही पुढे केली. पानावर या घराचा नकाशा होता. प्रत्येक खोली, प्रत्येक कोपरा. *फुलदाणी, पिवळी, चीर मागच्या बाजूला. बरणी, कान भिंतीकडे. पायपुसणं तिरकं.* पुढच्या पानावर पुन्हा तेच, पुढच्या वर्षाचं. चाळीस नकाशे.

"पहिल्या दिवशी आलो की आधी हे काढायचं, मग चहा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "नवीन संसार होता तुमचा. एका तासात उचलून आम्हाला दिलात. मला इतका धसका असायचा, की आपल्या हातून काही फुटलं-हललं तर? मुलांना तर मी या खोलीत पळूच दिलं नाही कधी."

काकू बघतच राहिल्या. "अहो, मग इतकं होतं तर दुसरी खोली मागायची की!"

"मागणार होतो! पहिल्याच वर्षी. आम्हाला तीन नंबर आवडला होता, तो पाण्याला लागून आहे ना, तो. तुमच्या घरातून तळं दिसत नाही, मधे स्वयंपाकाचं खोपट येतं." त्या खाली बसल्या, काकूंच्या शेजारी, खोक्याला टेकून. "पण आम्ही निघताना अप्पा म्हणाले, पुढच्या वर्षीही माझं घर तुमच्यासाठी ठेवतो. त्यांचा चेहरा बघून ह्यांनी पत्रात लिहिलं, तेच घर द्या. मग ते पत्र अप्पांनी खिळ्याला लावलं. आता काय बोलणार? नंतर अप्पा गेले, पण तोवर तुम्ही दर वर्षी इतक्या प्रेमाने घर लावून ठेवायचात, की..."

"मी लावून ठेवायचे, कारण तुम्हाला आवडतं म्हणून!"

आधी काकूंना हसू फुटलं. मग मास्तरीणबाईंना. हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि काकूंना गुडघ्यावर हात दाबून धरावा लागला.

"आणि तुमचे हे हो," मास्तरीणबाई पदराने चष्मा पुसत म्हणाल्या. "त्यांना तर मी म्हटलंही होतं एकदा."

"ह्यांना? काय?"

"ते दर आठवड्याला एकदा संध्याकाळी यायचे ना, मास्तरांशी बोलायला. बोलायचे काय, मास्तर बोलायचे आणि हे ऐकायचे. त्या मागच्या खोलीत बसायचे. तिथे ऊन येतं संध्याकाळचं, झाडांच्या फटीतून, ते थेट आतल्या भिंतीपर्यंत. अगदी मधासारखं. ते बघत बसायचे. एकदा म्हणाले, हे आमच्या हिला दाखवायचं राहिलंय. ती घरात असते तेव्हा ऊन या खिडकीत येतच नाही, आणि ऊन येतं तेव्हा ती घरात नसते. मी म्हटलं, मग बोलवा की त्यांना, आत्ता बोलवा. तर म्हणाले, नको, तिला वरच बरं वाटतं."

काकूंचं हसू थांबलं.

मागच्या खोलीत ऊन येतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ती अंधारी खोली. हिवाळ्यात तिथे दुपारपासून दिवा लावून शिवायला बसायच्या त्या. त्यांना दारात उभा असलेला माणूस दिसला, कडी वाजवणारा. *यंदा नाही हललो तर?* तो विचारत होता. स्वतःसाठी विचारत होता. आयुष्यात एकदाच त्या माणसाने काहीतरी मागितलं, आणि त्यांनी त्याच्या भल्यासाठी म्हणून फटकन नाही म्हटलं. मग त्याने मुकाट्याने निळा रंग आणला.

"त्यांना घरात राहायचं होतं," काकू म्हणाल्या. "मास्तरीणबाई, त्यांना राहायचं होतं हो. आणि मलाही."

मास्तरीणबाईंनी वही मिटली. काकूंचा हात हातात घेऊन बसून राहिल्या.

थोड्या वेळाने काकू उठल्या. मास्तरीणबाईंचा खांदा धरला, अंगण ओलांडलं आणि ऑफिसात जाऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या. मास्तरांची कथा अजून निम्म्या वाटेवर होती, ती तिथेच थांबली.

"मास्तर मंडळींना तीन नंबर दे," काकू सुनेला म्हणाल्या.

"आई, तीन नंबर उद्यापासून बुक आहे."

"त्यांना पाच दे, तो रिकामा आहे. दाराला लाथ कशी मारायची ते मी स्वतः शिकवते."

"आणि आठ?"

"आठमध्ये मी आहे. मी हलणार नाही."

सून गोंधळली. "म्हणजे, या आठवड्यापुरतं?"

"म्हणजे हलणार नाही. मला माझ्या घरात राहायचंय." टेबलाचा काठ धरून काकूंनी वाक्य पूर्ण केलं. मास्तर तोंड उघडं ठेवून बघत होते. "तीन नंबर?" ते बायकोला म्हणाले. "खरंच? पाण्याकडचा?" आणि सत्तर वर्षांचा तो माणूस ट्रंकेचं कडं पकडून उभाच राहिला, कुणी मन बदलायच्या आत.

"पण बोर्डावर आठ लिहिलंय," सून म्हणाली.

"असू दे. आठच आहेत. एकात आम्ही राहतो."

"चालेल," सून म्हणाली.

काकू दारापर्यंत गेल्या होत्या, त्या वळल्या. तो शब्द त्यांनी चाळीस वर्षं आतून ऐकला होता, बाहेरून कसा ऐकू येतो ते आज कळलं.

"काय म्हणालीस? चालेल? तुम्ही दोघंही राहा की घरात. माळ्यावर तुला आवडतं का, ते सांग मला. चालतं का, ते नकोय."

सुनेने मान खाली घातली. खोल्यांच्या किल्ल्या या बोटातून त्या बोटात फिरवल्या. काकू उभ्याच. आज उत्तर घेतल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या.

"आवडतं," सून हळूच म्हणाली. "खरंच आवडतं, आई. ती निळी भिंत, ती खिडकी. आणि यंदा वर आम्ही दोघंच असू." एवढं बोलून तिचे कान असे लाल झाले, की अप्पांची आठवण व्हावी. काकूंनी तिला निरखून पाहिलं. खरं बोलत होती पोरगी. काकूंना पुन्हा हसू आलं, आणि बरंही वाटलं, की तो निळा रंग अगदीच वाया गेला नाही.

"मग जा वर, खुशाल राहा," त्या म्हणाल्या. "आणि चहा पाठव मला. पाठव कशाला, तूच घेऊन ये. मला तुझ्याबरोबर प्यायचाय."

घरी येऊन काकूंनी खोकी तशीच ठेवली. वेताची खुर्ची ओढत मागच्या खोलीत नेली, शिवणाच्या मशीनवरची चादर काढली, खिडकी उघडली आणि आतल्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. खोली नेहमीसारखीच, काळसर. बाहेर होड्या धडकत होत्या. इथून तो आवाज दुरून येत होता. बराच वेळ काही झालं नाही. काकूंना वाटलं, मास्तरीणबाईंनी आपलं मन राखायला तर सांगितलं नाही ना? या तळ्याकाठच्या माणसांचं काही सांगता येत नाही.

मग खिडकीच्या चौकटीत उजेड आला. जमिनीवरून सरकत मशीनच्या पायाशी आला, तिथून भिंतीवर चढला. अरुंद पट्टा होता, पण दाट, पिवळा. भिंतीवरून तो हळूहळू आत आत गेला, पेन्सिलीच्या ओळीपाशी पोचला, आणि पहिल्या खुणेला टेकून थांबला. तिथेच थांबला. पुढे गेला नाही.

काकू उठून भिंतीजवळ गेल्या. खूण उन्हाच्या कडेवर होती, केसाचाही फरक नाही. दुसरी खूण चार बोटं पुढे, सावलीत. मग तिसरी. मग चौथी, सगळ्यात जास्त गिरवलेली. त्यांनी एकेकीवर बोट ठेवलं.

त्या तिथे उभ्या असतानाच सून चहा घेऊन आली. कप मशीनवर ठेवताना तिचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"अजून शेल्फ लागलं नाही का इथे? ह्यांना सांगते, उद्याच लावून टाकतील."

"शेल्फ नाही लावायचं," काकू म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि सुनेचा हात धरून तिला भिंतीपाशी आणलं. तिचं बोट दुसऱ्या खुणेवर ठेवलं.

"पुढच्या आठवड्यात ये या वेळेला," त्या म्हणाल्या. "ऊन इथवर येईल."